अक्षाची हयगय

चष्म्याच्या चिठ्ठीवर आपण जे तीन आकडे लिहितो, त्यांपैकी पहिल्या दोहोंची जेवढी चिकित्सा तपासणीच्या खोलीत होते, तिचा चौथा हिस्साही तिसऱ्याच्या वाट्याला येत नाही, ही गोष्ट या व्यवसायातील कोणीही प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही. गोल नंबर पाव डायऑप्टरने कमी असावा की अधिक, यासाठी आपण रुग्णाला पुन्हा पुन्हा अक्षरे वाचावयास लावतो. सिलिंडरचे बळही दोनदा पडताळून पाहतो. परंतु अक्ष मात्र पुष्कळदा यंत्राने छापून दिलेल्या कागदावरून जसाच्या तसा उतरून घेतला जातो, अथवा जुन्या चष्म्यातला होता तोच पुढे चालविला जातो. सिलिंडरने जी दुरुस्त करावयाची ती अबिंदुकता हा दिशा असलेला दोष आहे, आणि अक्ष म्हणजे तीच दिशा. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, लेसर आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवावयाचे टोरिक भिंग असे तिच्यावरील उपाय आज हाताशी असले, तरी यांपैकी बहुतेकांचे यश शेवटी त्या तिसऱ्या आकड्यावरच अवलंबून राहते.

ज्या डोळ्यातील स्वच्छमंडलाची उभी वक्रता आणि आडवी वक्रता सारखी नसते, त्यात एका बिंदूपासून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत. ते प्रथम एका रेषेत आणि काही अंतरावर तिला काटकोनात असलेल्या दुसऱ्या रेषेत एकवटतात, आणि या दोन रेषांच्या दरम्यान कोठेतरी किमान अस्पष्टतेचे एक वर्तुळ असते. रुग्णास हे समजावून देताना पळीची पाठ दाखवावी. तिचे लांबीकडील वळण आणि रुंदीकडील वळण निराळे असते हे कोणासही चटकन पटते, आणि आपल्या डोळ्यात काही रोग शिरला आहे अशी जी धास्ती ‘सिलिंडर’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात उत्पन्न होते ती दूर होते. अल्प प्रमाणातील अबिंदुकता तर बहुतेक डोळ्यांत असतेच.

या दोषाचा इतिहास अक्षाच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे, कारण ज्यांनी तो प्रथम ओळखला त्या दोघांनीही तो स्वतःच्याच डोळ्यात शोधला आणि प्रारंभापासून त्याची दिशा मोजली. 1801 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात थॉमस यंग याने स्वतःच्या डोळ्यातील हे वैषम्य वर्णिले, आणि डोळा पाण्याशी भिडवून स्वच्छमंडलाचे वक्रीभवन निष्प्रभ केल्यावरही ते कायम राहते असे पाहून त्याचे मूळ नेत्रभिंगात असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच्या स्वतःच्या डोळ्यापुरता तो निष्कर्ष यथार्थ असला, तरी बहुसंख्य डोळ्यांत हे मूळ स्वच्छमंडलातच असते, हे पुढे वक्रतामापनाची साधने निघाल्यावर सिद्ध झाले. उपायाचे श्रेय जाते ते जॉर्ज बिडेल एअरी या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाकडे. डावा डोळा वाचनाच्या कामी येत नाही असे ध्यानात आल्यावर त्याने एका कार्डाला सूक्ष्म छिद्र पाडले, ते डोळ्याजवळ व डोळ्यापासून दूर नेत प्रकाशाचा ठिपका कोणत्या अंतरावर कोणत्या दिशेची रेषा होतो याची मोजदाद केली, त्या मोजणीवरून भिंगाचे गणित मांडले, आणि इप्सविच येथील एका कारागिराकडून ते भिंग घडवून घेतले. हा वृत्तांत त्याने 1825 साली केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. पुढे तो इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ झाला. तरीही त्या एका डोळ्याची मोजणी त्याने पुढील दशकांत पुन्हा पुन्हा केली आणि झालेले फरक प्रसिद्ध केले. वैद्यकाशी संबंध नसलेल्या मनुष्याने दाखविलेली ही चिकाटी आपणा व्यावसायिकांस अनुकरणीय वाटली पाहिजे.

अक्ष चुकल्याने होणाऱ्या नुकसानीचा हिशेब अगदी नेमका मांडता येतो. सिलिंडरचे बळ बरोबर असून अक्ष 5 अंशांनी सरकला, तर मूळ दोषाचा सुमारे 17 टक्के भाग शिल्लक राहतो; 10 अंशांनी सरकला तर सुमारे 35 टक्के; आणि 30 अंशांनी सरकला तर मूळ दोषाइतकाच दोष नव्या दिशेने उभा राहून सारा उपाय व्यर्थ जातो, आणि त्यापुढे तर चष्मा न लावणे हेच बरे अशी अवस्था येते. म्हणजे 2 डायऑप्टरच्या सिलिंडरचा अक्ष 10 अंश चुकविणारा तपासनीस रुग्णाच्या डोळ्यात जवळजवळ 0.70 डायऑप्टरचा, तोही तिरका दोष ठेवून देतो. आणि गोल नंबरातील पाव डायऑप्टरसाठी घासाघीस करणारेही बहुधा आपणच असतो.

यावरचे साधन नवे नाही. एडवर्ड जॅक्सन या अमेरिकन नेत्रवैद्याने फिरत्या जोडसिलिंडरचा उपयोग बळ ठरविण्यासाठी 1887 साली आणि अक्ष ठरविण्यासाठी 1907 साली सांगितला, आणि आजही प्रत्येक ट्रायल-पेटीत ते भिंग असते. प्रथम अक्ष आणि मग बळ हा क्रम पाळून, रुग्णाला ‘पहिले स्पष्ट की दुसरे’ असे शांतपणे विचारीत गेल्यास एका डोळ्यामागे दोन मिनिटांहून अधिक काळ क्वचितच लागतो. गर्दीच्या शिबिरात ही दोन मिनिटे सापडत नाहीत, ही सबब मी जाणतो. परंतु त्याच गर्दीपायी दीड-दोन डायऑप्टरचे सिलिंडर सरसकट गाळून त्याचे अर्धे बळ गोल नंबरात मिळविण्याचा जो शिरस्ता पडून गेला आहे, तो मला मान्य नाही. अशा चष्म्याने किमान अस्पष्टतेचे वर्तुळ तेवढे जालपटलावर येते, आणि त्या वर्तुळातून पाहत शिलाई करणारी, हिशेब लिहिणारी माणसे डोकेदुखीची तक्रार घेऊन आपल्याच दारी परत येतात. प्रौढ मनुष्यास प्रथमच मोठे सिलिंडर देताना जमीन कलल्यासारखी, दाराची चौकट झुकल्यासारखी भासते, म्हणून आरंभी बळ थोडे कमी ठेवणे ही तजवीज शास्त्रसंमत आहे. मात्र ती विचारपूर्वक केलेली असावी, तिची नोंद चिठ्ठीवर असावी, आणि पुढील भेटीत ती पुरी करण्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असावी.

चष्मे घडविणाऱ्या वाचकांसही येथे एक विनंती आहे. अचूक काढलेला अक्ष दुकानात बिघडू शकतो, विशेषतः पूर्ण गोल फ्रेममध्ये, जेथे सैल बसलेले भिंग पुसता पुसता फिरते आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही; म्हणून मोठे सिलिंडर असलेल्या ग्राहकास अशी फ्रेम देण्याचे शक्यतो टाळावे, आणि प्रत्येक चष्मा हाती देण्यापूर्वी लेन्सोमीटरवर अक्ष पुन्हा पाहावा.

कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. कडक वायुपारगम्य लेन्सखाली साचलेला अश्रूंचा थर स्वच्छमंडलाचे वैषम्य बव्हंशी आपोआप भरून काढतो, त्यामुळे मध्यम प्रमाणातील दोषांत तेथे दिशेचा प्रश्न उरत नाही, मात्र नेत्रभिंगातून आलेला अंश शिल्लक राहतो. मऊ टोरिक लेन्स डोळ्यात फिरता कामा नये, म्हणून तिला बहुधा खालच्या बाजूस वजन दिलेले असते. तरीही ती काही अंश वळून स्थिरावते, आणि तपासणाऱ्याच्या डाव्या हाताकडे खूण सरकली असेल तर तितके अंश अक्षात मिळवावेत, उजवीकडे सरकली असेल तर वजा करावेत, हा नियम प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी असला पाहिजे. लेसरविषयी एवढेच सांगतो की मनुष्य उताणा निजला असता डोळा काही अंशांनी वळतो, आणि त्याचा हिशेब न ठेवणारे यंत्र कितीही महाग असले तरी ते चुकीच्या दिशेने काम करते.

अधिक विस्ताराने लिहावेसे वाटते ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयी, कारण आपल्या राज्यात सर्वाधिक होणाऱ्या नेत्रशस्त्रक्रियांत ती अग्रणी आहे आणि नव्या अबिंदुकतेचे एक कारणही तीच होते. तारुण्यात बहुतेक डोळ्यांची उभी वक्रता अधिक तीव्र असते. वय वाढत जाते तसतसे हे मान उलटते आणि आडवी वक्रता तीव्र होऊ लागते. शस्त्रक्रियेचा छेद ज्या दिशेला घ्यावा ती दिशा सपाट होते. म्हणजे ज्या वृद्धाचे स्वच्छमंडल आधीच उभ्या दिशेत सपाट आहे, त्याच्या डोळ्यावर वरच्या बाजूने सहा-सात मिलिमीटरचा बोगदा घेऊन लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद त्याचा दोष स्वतःच्या हाताने वाढवून ठेवतो. आणि तोच छेद कानशिलाच्या बाजूने घेतला, तर आडवी वक्रता उतरून दोष कमी होतो, शिवाय त्या बाजूची कड केंद्रापासून सर्वाधिक दूर असल्यामुळे स्वच्छमंडलावर होणारा अनिष्ट परिणामही कमी राहतो. यासाठी एका पैशाचेही नवे साहित्य लागत नाही. खुर्चीची जागा बदलावी लागते आणि हाताची सवय. ही सवय शिकाऊ डॉक्टरांना आरंभीच लागावी, असा माझा आग्रह आहे.

टोरिक भिंग परवडणाऱ्या रुग्णासाठी उत्तम. परंतु तेथेही बसल्या स्थितीत डोळ्यावर खुणा करणे, कोरड्या डोळ्याचा उपचार करून मगच वक्रता मोजणे, आणि स्वच्छमंडलाच्या मागील पृष्ठाचा वाटा गणितात धरणे यांस पर्याय नाही. हे मागील पृष्ठ विसरले, तर उभ्या तीव्रतेच्या डोळ्यात दुरुस्ती जास्त होते आणि आडव्या तीव्रतेच्या डोळ्यात अपुरी राहते.

दोन प्रसंगी मात्र अबिंदुकता हा केवळ चष्म्याचा प्रश्न राहत नाही. लहान मुलाच्या डोळ्यात मोठे सिलिंडर दुरुस्तीविना राहिले, तर अस्पष्ट राहिलेल्या दिशेतील रेषा स्पष्टपणे पाहण्यास मेंदू शिकतच नाही, आणि पुढे अचूक चष्मा दिला तरी ती उणीव पूर्ण भरून निघेलच असे नाही. म्हणून शाळेत जाण्यापूर्वी, डोळ्यात औषध घालून तपासणी झाली पाहिजे. दुसरा प्रसंग किशोरवयीन मुलांचा. ज्यांचे सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढते, ज्यांचा अक्ष तिरका होत जातो, रेटिनोस्कोपीत ज्यांची छाया कात्रीच्या पात्यांसारखी हलते, आणि जी मुले ॲलर्जीने डोळे सतत चोळीत असतात, त्यांना नवा चष्मा देऊन वाटेस लावणे हा कसूर होय. त्यांच्या स्वच्छमंडलाचा आलेख त्वरित काढावा. शंकुविकृती असेल आणि ती वाढत असेल, तर रायबोफ्लेविन व अतिनील किरण यांनी स्वच्छमंडलास दृढ करण्याची, जर्मनीत ड्रेस्डेन येथे विकसित झालेली पद्धत तिची वाढ बहुतेकांत थोपविते, मात्र वेळ गेल्यावर ती गेलेली दृष्टी परत देत नाही.

शेवटी, मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेच्या कागदावर चार नोंदी असाव्यात अशी सूचना मी करतो: पूर्वीच्या दोन्ही वक्रता त्यांच्या दिशांसह, छेदाची जागा अंशांत, टोरिक भिंग घातले असल्यास त्याचा अक्ष, आणि महिन्या-दीड महिन्यानंतरच्या वक्रता पुन्हा दिशांसह. वर्षअखेर या दप्तराचा ताळा काढावा. मात्र नुसत्या बळांची सरासरी काढून चालत नाही, ती दिशेसह काढावी लागते, अन्यथा परस्परविरुद्ध दिशांचे परिणाम एकाच रकान्यात बेरजेस येतात. आपल्या छेदाने स्वच्छमंडल किती आणि कोणीकडे सपाट होते हा आकडा प्रत्येक हाताचा निराळा असतो, आणि पुढील रुग्णाच्या टोरिक भिंगाच्या गणितात आपल्याच हाताचा आकडा भरावयाचा असतो.