खुंट्यावरचा दुसरा हात

बायका एकत्र बसल्या की नुसती गाऱ्हाणी सांगतात आणि त्यातून निष्पन्न काही होत नाही, हे मत मराठी समाजात इतके रुळले आहे की ते तपासून घ्यावे असे सहसा कुणाला वाटत नाही. ते केवळ परंपरेच्या कैवाऱ्यांचे मत आहे असेही नाही. स्त्रियांच्या उन्नतीसाठी मनापासून झटणाऱ्या अनेकांचीही अशी धारणा आहे की बाईच्या हाती पैसा आला, सातबाऱ्यावर तिचे नाव लागले आणि ग्रामपंचायतीत तिला जागा मिळाली म्हणजे सक्षमीकरण झाले. मनाच्या जखमांचा विचार त्यानंतर, सवड मिळाल्यास करावा. सक्षमीकरण म्हणजे आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेण्याची आणि ते तडीस नेण्याची ताकद अंगी येणे, एवढा साधा अर्थ घेतला तरी हा क्रम चुकीचा ठरतो. जिला आपला जाच हा आपल्या नशिबाचा किंवा आपल्याच एखाद्या उणिवेचा परिणाम वाटतो, ती हाती आलेला पैसाही त्या नशिबाच्याच स्वाधीन करते. आणि ही समजूत सैल होते ती बहुधा दुसऱ्या बाईच्या तोंडून तशीच हकिकत ऐकल्यावर. म्हणून परस्परांना आधार देणे हा सक्षमीकरणाचा पाया मानला पाहिजे, असे येथे मांडायचे आहे. हा आधार केव्हा टिकतो आणि केव्हा कोसळतो, हेही त्यासोबत सांगणे भाग आहे.

भावना मोकळ्या करण्याची ही रीत पाश्चात्त्य मानसशास्त्राकडून उसनी घेतलेली आहे, हा आक्षेप प्रथम बाजूला करावा लागतो, कारण महाराष्ट्रात तिचा पुरावा घराघरांत होता. जात्याच्या दोन दगडी तळ्यांपैकी खालची स्थिर आणि वरची फिरती असते; वरच्या तळीत कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो आणि मध्यभागी धान्य सोडण्याचे तोंड असते. एकटीने दळता येते, पण लवकरच खांदा भरून येतो. दोघी समोरासमोर बसल्या आणि दोघींनी तोच खुंटा एकीचा हात वर, दुसरीचा खाली असा धरला, की एकीचा ओढा संपतो तेथे दुसरीचा सुरू होतो आणि एक जण मूठभर दाणे घालत असताना दुसरी जाते थांबू देत नाही. पहाटेच्या अंधारात, घरातली कर्ती माणसे निजलेली असताना, त्या घरघरीच्या आडोशाला जे गाइले गेले त्याला ओवी म्हणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरू केलेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत. त्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत, आणि सासुरवास तर पावलोपावली आहे. गाणारी बहुधा एका ‘सये’ला किंवा ‘बाई’ला उद्देशून बोलते, म्हणजे दुःख सांगायला समोर कुणीतरी असणे हे त्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. ज्यांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांचे म्हणणे कुठल्याही पंचायतीत विचारात घेतले जात नव्हते, अशा बायकांनी रचलेली ही विचारसंपदा रडगाणे म्हणून झटकून टाकणे हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

मात्र जात्याचे उदात्तीकरण करणेही तितकेच चूक आहे. ते कष्ट अंग मोडणारे होते, ते संपले हे उत्तम झाले, आणि ओवीने कुणाचा जाच थांबवला असे म्हणता येत नाही. जात्याकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे बरोबरीच्या दोघी, एकच ओझे, आणि इतरांच्या कानांपासून दूर असलेला तास. पिठाची गिरणी आली तेव्हा दळणाचे श्रम वाचले, परंतु तो तास बाईच्या हाती राहिला नाही; तो दुसऱ्या कामांत विरून गेला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याच्या देशव्यापी पाहणीत, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले.

स्वतःची काळजी घेणे ही सुखवस्तू बायकांची चैन आहे, या दुसऱ्या आक्षेपाचा विचार या आकड्यांच्या उजेडात करायला हवा. आक्षेपात तथ्याचा अंश आहे, कारण बाजाराने या कल्पनेचे प्रसाधने, सहली आणि महागड्या शिबिरांत रूपांतर केले आहे. पण कल्पनेचा उगम तसा नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी कर्करोगाशी झुंजत असताना लिहिलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात स्वतःला जपणे हे राजकीय कृती म्हणून मांडले. ज्यांचे झिजून जाणे समाजाने गृहीत धरले आहे त्यांनी तगून राहणे हाच प्रतिकार आहे, असा त्या मांडणीचा आशय होता. मराठी घरात ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. सगळ्यांची ताटे झाल्यावर उरलेसुरले खाणारी, ताप अंगावर काढणारी, पाळीच्या अतिस्रावाबद्दल वर्षानुवर्षे कुणाशी न बोलणारी बाई स्वतःची काळजी घेऊ लागते तेव्हा ती चैन करत नसते, स्वतःचा जीव वाचवत असते. आणि येथेच स्व-काळजी व परस्पर-आधार यांचा सांधा आहे. जिचा वेळ तिच्या मालकीचा नाही तिला एकटीने स्वतःची काळजी घेता येतच नाही. ती दवाखान्यात जाईल तेव्हा तिचे मूल कुणालातरी सांभाळावे लागते, शेळ्या कुणालातरी वळाव्या लागतात आणि तिला काय होते आहे हे तिच्याऐवजी कुणालातरी सासूला सांगावे लागते. खुंट्यावर दुसरा हात आल्याशिवाय पहिल्याला विसावा नाही.

आधी पैसा, मग मन असे मानणाऱ्या अर्थवादी भूमिकेचा सर्वांत भक्कम दाखला म्हणजे स्त्रियांचे उद्योग आणि बचत गट. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जतसारखी संस्था उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. या प्रयत्नांनी लाखो बायका उंबऱ्याबाहेर आल्या, हे नाकारणारा माणूस खेड्यात फिरलेला नसावा. तरीही गटाची बैठक जवळून पाहिली की अर्थवादाची मर्यादा ध्यानात येते. समाजमंदिरात किंवा कुणाच्या पडवीत चटई अंथरलेली असते, मध्ये नोंदवही, तिच्याभोवती दहा-पंधरा जणी. नावे पुकारली जातात, हप्ते मोजून घेतले जातात, सही किंवा अंगठा होतो, आणि उठायची घाई सुरू होते, कारण घरी चूल वाट पाहत असते. जी आली नाही तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. ती का आली नाही, यासाठी नोंदवहीत रकाना नाही. मार बसल्याने तोंड दाखवता येत नाही, कर्जाची रक्कम नवऱ्याने परस्पर उचलली, की गेले कित्येक दिवस तिला अंथरुणातून उठावेसेच वाटत नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही. हप्ता थकला की ज्यांना सख्या म्हटले जाते त्यांनाच दारात वसुलीला उभे राहावे लागते, आणि मग त्या दाराआडून कुणी मनातले बोलत नाही. केवळ जमणे आणि एकमेकींची होणे यांत हे अंतर आहे. पैशाचा व्यवहार हे अंतर आपोआप मिटवत नाही; प्रसंगी वाढवतोही.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे, कारण तो बायकाच बोलून दाखवतात. बाईच बाईची वैरीण असते, मग ती तिला आधार काय देणार? त्याच्या समर्थनार्थ सासूचा जाच सांगितला जातो, हळदीकुंकवातून वगळलेली विधवा दाखवली जाते. या उदाहरणांकडे डोळेझाक करता येत नाही. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणारे, कुंकू पुसणारे, जोडवी उतरवणारे हात पुष्कळदा बायकांचे आणि त्यातही विधवांचे असतात. मात्र ज्या हातांनी दुसरीच्या बांगड्या फोडल्या त्यांच्याही बांगड्या तशाच फोडल्या गेल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांना विचारणारे कुणी नव्हते. वैर स्वभावात असते तर ते नियम बदलल्याने बदलले नसते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. ठरावाने प्रथा एका दिवसात मरत नाही, हे खरेच. तरीही ज्या बायकांना बांगड्या फोडायला पुढे व्हावे लागत असे त्यांना आता ‘गावाने बंद केले आहे’ असे म्हणून मागे सरता येते, आणि दुःखाच्या त्या घटकेला नुसते जवळ बसणे शक्य होते. बायकांच्या मेळाव्यात जखम देण्याची ताकद आहे हे मान्य केले, की बरे करण्याची ताकदही मान्य करावी लागते. त्यांतले काय घडेल, ते मेळाव्याच्या नियमांवर ठरते.

राहिला तज्ज्ञांचा आक्षेप, आणि सर्वांत जबाबदारीने विचार करण्याजोगा तोच आहे. नैराश्य हा आजार आहे, आजारावर औषध असते, ते देण्याचे शिक्षण लागते. अडाणी सहानुभूतीने रोग बळावला तर जबाबदार कोण? या प्रश्नाला गोव्यातील अनुभव नेमके उत्तर देतो. नैराश्य म्हणजे प्रसंगी वाटणारी उदासी नव्हे. झोप, भूक, उमेद आणि कामातील रस दीर्घकाळ हरपण्याची ती अवस्था आहे. ‘संगथ’ या संस्थेच्या पुढाकाराने गोव्यात झालेल्या, २०१० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या अभ्यासांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना बरे होण्यास मदत केली, असे दिसून आले. पुढे उत्तर गोव्यात गरोदर व बाळंत स्त्रियांसाठी राबवलेल्या प्रयोगात तर समुपदेशन करणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या आया होत्या. परिणाम माफक होता, चमत्कार नव्हता. पण मानसोपचारतज्ज्ञ जिथे पोहोचतच नाहीत तिथे माफक परिणामाचेही मोल मोठे आहे. या प्रयोगांतले समुपदेशक सल्ल्यांचा भडिमार करत नसत. भेटी किती आणि कशासाठी हे आधी ठरलेले असे, त्यांच्या कामावर जाणत्यांची देखरेख असे, आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखवला गेल्यास कोणाकडे न्यायचे हे पक्के असे. म्हणजे शेजारणीचे ऐकणे हे तज्ज्ञतेच्या विरोधात उभे नाही. ते तज्ज्ञतेला वस्तीपर्यंत आणणारी वाट आहे. एवढे खरे की मार खाणाऱ्या बाईला नुसते शांत करून घरी धाडणे हा आधार नसून त्या माराला दिलेली मूक संमती आहे. पुण्यात १९८२ मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या नारी समता मंचाने स्त्रियांना ‘बोलते व्हा’ म्हटले, त्यात हे भान होते. १९८४ पासून मुंबईच्या पोलीस यंत्रणेतच टाटा समाजविज्ञान संस्थेने चालवलेल्या विशेष कक्षानेही ऐकणे आणि कायदा यांना एका छताखाली आणले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम जिला ठाऊक आहे अशी एक तरी जण बचत गटाच्या त्या चटईवर असली पाहिजे.

हा आधार पूर्वी किती दुर्मीळ होता, हे लेखिका ताराबाई शिंदे यांच्यावरून दिसते. त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली आले तेव्हा स्त्रीच्या अपमानाची एवढी धारदार मांडणी मराठीत दुसरी नव्हती. तरी त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण रोज शेजारी बसणाऱ्या बरोबरीच्या बायका एखाद्या लेखिकेला मिळाव्यात अशी त्या काळाची घडण नव्हती. आज ती घडवता येते. त्यासाठी आधी एक गोड समजूत सोडावी लागेल, ती अशी की बाई जात्याच मायाळू असते, म्हणून ऐकून घेणे तिला फुकटात जमते. ऐकणे हे काम आहे. त्याने माणूस थकतो, त्याला कौशल्य लागते, गुप्तता पाळावी लागते आणि ‘आज मला झेपणार नाही’ म्हणण्याची मुभा लागते. आशा कार्यकर्तीला शासन स्वयंसेविका मानते आणि ठरावीक कामांमागे मोबदला देते. गरोदर बाईची नोंद, लसीकरण, प्रसूतीसाठी दवाखान्यात नेणे ही कामे तक्त्यात येतात. त्याच फेरीत तिने ओसरीवर बसून अर्धा तास जे ऐकले ते कोणत्याही तक्त्यात येत नाही. मानसिक आरोग्याचे कार्यक्रम तिच्याच खांद्यावर टाकायचे असतील, तर त्या अर्ध्या तासाची ओळ मोबदल्याच्या तक्त्यात यावी, बचत गटाच्या नोंदवहीत गैरहजेरीपुढे कारणाचा रकाना असावा, हप्ते मोजून झाल्यावरचा अर्धा तास पैशाचा विषय न काढता राखून ठेवावा, आणि महिन्यातून एक दुपार अशी असावी, जेव्हा दिवसभर इतरांचे ऐकणाऱ्या बायका एकमेकींसमोर बसतील व त्यांचे कुणीतरी ऐकेल.