उरलेल्या अकरा महिन्यांचे काय?

रमजानचा शेवटचा अशरा लागला की आपल्या मोहल्ल्यांत देणाऱ्यांची लगबग सुरू होते. तांदूळ, डाळ, तेल, साखर, शेवया आणि खजूर भरलेली रेशन किट घरोघर पोचतात. फित्रा निघतो, जकातीचा हिशेब होतो. ज्या घरातला कमावता माणूस गेला आहे, त्या घरातही ईदच्या सकाळी शिरखुर्मा शिजतो. ही आपल्या समाजाची मोठी पुंजी आहे आणि आम्ही ती कमी लेखत नाही.

प्रश्न ईदनंतरचा आहे. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. वह्या-पुस्तके, गणवेश, रिक्षाचे भाडे, क्लासची फी हे सारे एकदम दारात येऊन उभे राहते. तोवर किटमधले तेल संपलेले असते आणि जकातीची रक्कमही वाटून झालेली असते. मग आई पोराला म्हणते, "या वर्षी थांब, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष सहसा उजाडत नाही.

अशी घरे कोणती, हे आधी नीट पाहू. शरीअतमध्ये वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील वारले, ते मूल यतीम. आई हयात असली तरी ते यतीमच. यतीमाच्या हक्काबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून बेवा बाईच्या दाराशी कोणी ना कोणी जातो. पण नवऱ्याने टाकलेली बाई? तिच्या मुलाचा बाप जिवंत आहे, म्हणून ते यतीम नाही. आणि बाप एक रुपया पाठवत नाही, म्हणून त्याची अवस्था यतीमापेक्षा बरी नाही. बायको वारल्यावर हातगाडी ओढून तीन मुले सांभाळणारा बापही याच यादीत येतो. तो धंद्यावर गेला की धाकट्यांकडे पाहायला थोरली मुलगी घरी राहते आणि तिची शाळा सुटते. जकातीचा हक्क गरिबीवर, गरजेवर ठरतो. त्यासाठी घरावर यतीमाची पाटी असावी लागत नाही.

मूल शाळेतून गळते ते ठरावीक वळणांवर. शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शिक्षण मोफत आहे. नववीपासून खर्च अंगावर येतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ पासून पहिली ते आठवीसाठी बंद झाली. त्या वेळी ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. दुसरे वळण दहावीनंतरचे. आईच्या शिवणकामावर किंवा विडीच्या मजुरीवर घर चालत असेल, तर सोळा वर्षांच्या मुलाला गॅरेजवाला देत असलेली आठवड्याची मजुरी फार मोठी दिसते. त्याला आळशी किंवा बेजबाबदार म्हणू नये. तो घरासाठीच शाळा सोडतो.

इमाम शाफई यांचे बालपण येथे आठवावे. हिजरी १५० (इसवी सन ७६७) मध्ये गाझा येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले आणि आई त्यांना घेऊन मक्केला आली. उस्तादांना द्यायला तिच्याकडे काही नव्हते. त्यावर तोड अशी निघाली की, उस्ताद उठून गेले की या मुलाने बाकीच्या मुलांकडे पाहावे. हीच त्याची फी. लिहायला कागद नसे, म्हणून हाडांवर लिहून ठेवत, असे त्यांच्या चरित्रांत येते. कोकणातले आपले बहुसंख्य मुसलमान आजही ज्या मसलकावर चालतात, त्याच्या मुळाशी एका गरीब बेवा आईचा निर्धार आणि एका उस्तादांनी सोडलेली फी आहे. त्या उस्तादांनी मुलाला एका दिवसाचे जेवण देऊन वाटेला लावले नाही. रोज बसायची जागा दिली, आणि तीही त्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच: मदत थोडी असो, पण ती ठरलेल्या तारखेला यावी, आणि मूल कमावते होईपर्यंत थांबू नये. दरमहा येणारे तीन हजार त्या आईला एकदाच मिळालेल्या तीस हजारांपेक्षा जास्त धीर देतात. एकदम आलेली रक्कम कर्ज फेडण्यात आणि दवाखान्यात जाते. ठरलेली रक्कम येणार म्हणून माहीत असेल, तर ती मुलाचे नाव शाळेतून काढत नाही.

हे एकट्याच्या खांद्यावर घ्यायचे कारण नाही. दहा घरांनी मिळून एक कुटुंब घ्यावे. प्रत्येकाने महिन्याला ३०० रुपये दिले, तर महिन्याचे ३,००० आणि वर्षाचे ३६,००० होतात. ज्यांना ही रक्कम जकातीतून द्यायची आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक आलिमांच्या मते जकात वर्ष भरण्याआधी आगाऊ देता येते. म्हणजे पुढच्या रमजानची जकात आतापासून दरमहा थोडी थोडी देण्यास अडचण नाही. जकात परस्पर शाळेत भरावी की आईच्या हाती द्यावी, हे आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारून ठरवावे. आईच्या खात्यावर दिली की तिच्या मालकीचा प्रश्न सुटतो आणि घरात तिचा शब्दही राहतो.

मुदतही ठरवून घ्यावी. दहावीनंतर आयटीआयचे बहुतेक अभ्यासक्रम एक-दोन वर्षांचे असतात, पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची. बारावीनंतर डी. फार्मसीला दोन वर्षे आणि जीएनएम नर्सिंगला तीन वर्षे लागतात. थोरले मूल एकदा पायावर उभे राहिले की धाकट्यांचा भार तेच उचलते आणि आपली दहा घरे दुसऱ्या कुटुंबाकडे वळू शकतात.

दुसरी मदत पैशाची नाही, कागदांची आहे. राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या गरजू मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. संजय गांधी निराधार योजनेत बेवा बाईला, तसेच तलाक होऊन पोटगी न मिळालेल्या बाईला दरमहा १,५०० रुपयांची तरतूद आहे. ते काम तहसील कार्यालयात होते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस ५९ वर्षांच्या आत वारला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये एकदाच मिळतात. ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी २०२४ पासून माफ आहे. आपल्यातल्या बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात, हे कित्येक आयांना कोणी सांगितलेलेच नसते.

सांगितले तरी अर्ज अडतो तो नावापाशी. आधारवर 'बी', शाळेच्या दाखल्यावर 'बेगम', मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याचे टोपणनाव. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड वेगळे करणे, बँकेचे खाते आधारला जोडणे, यासाठी दिवसाची मजुरी बुडवून चार-चार हेलपाटे घालणे तिला परवडत नाही. टाकलेल्या बाईकडे तर तलाकचा कागदच नसतो. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दाखवावा. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या पदवीधर मुलाने किंवा मुलीने आठवड्यातले दोन तास दिले, तर एका वर्षात कितीतरी घरांचे कागद पुरे होतील. ज्यांच्यावर जकात नाही, त्यांनाही हा सदका करता येतो.

आईचे शिक्षणही यातून वगळू नये. तिशीतल्या बाईपुढे अजून कमाईची पंचवीस-तीस वर्षे असतात. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. अंगणवाडी सेविकेच्या जागेला आता बारावी लागते. त्या एका परीक्षेसाठी धाकट्या मुलाला दुपारी दोन तास सांभाळणारी शेजारची खाला मिळाली, तर तेही दानच आहे.

आता एक गोष्ट घरातली, जी बोलायला जड जाते. बाप हयात असताना मुलगा वारला, तर आपल्या वारसा कायद्यात चाचे असताना नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा हक्काने हिस्सा येत नाही. पुष्कळ बेवा बायकांचे छप्पर येथेच जाते. पण वाट बंद नाही. आजोबा आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत या नातवंडांच्या नावे करू शकतात, किंवा हयातीतच हिबा करून देऊ शकतात. जवान मुलगा गमावलेल्या प्रत्येक आजोबांनी हे करून ठेवावे. चाच्यांनीही आड येऊ नये. घरातल्या यतीमाला घरातूनच आधार मिळाला, तर त्याला मोहल्ल्यापुढे उभे राहावे लागत नाही.

शेवटी, देताना फोटो काढू नये. ज्या मुलाला आपण शिकवायला निघालो, त्याचा किट घेतानाचा फोटो त्याच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाईलवर जातो. त्यानंतर शाळेत जाणे त्याला फीपेक्षाही अवघड होते. पैसे आईच्या खात्यावर जावेत, मुलाला कळू नये आणि शेजाऱ्यालाही कळू नये. वर्षातून दोनदा, प्रगतिपुस्तक हाती आल्यावर, एका बुजुर्ग भगिनीने आईला भेटून काय अडले आहे ते विचारावे. एवढी देखरेख पुरे.

येत्या जुम्याला नमाजनंतर दहा नावे एका वहीत लिहा, आणि खाली एका कुटुंबाचे नाव. रमजानची वाट पाहू नका. जून त्याआधी येतो.