घाम आटलेला घोडा

इंडियन डर्बी फेब्रुवारीत होऊन जाते, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचे स्टँड हळूहळू ओस पडतात. पण ट्रेनरचा खरा कस लागतो तो त्यानंतर, मार्च-एप्रिलच्या उन्हात. अंधार असतानाच तो पागेत येतो आणि आधी पाहतो ती गव्हाण. रात्रीचा दाणा उरला असेल तर काहीतरी बिनसलं आहे, हे मोतद्दाराने सांगण्याआधीच त्याला कळतं. मग वाकून चारही पायांवरून हात फिरवायचा. गुडघ्याखाली कंडरेवर जरा गरम लागलं तरी काही महिन्यांची मेहनत तिथेच थांबते. गॅलप सूर्य वर यायच्या आत उरकायचे, कारण भरधाव घोड्याचं हृदय मिनिटाला 200 हून अधिक ठोके देतं आणि अंगातली ती आग विझवायला त्याच्याकडे मुख्यतः घामच असतो. मुंबईच्या दमट हवेत तो घाम वाळत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. अंग कोरडं, नाकपुड्या फुगलेल्या, छाती भात्यासारखी! रेसच्या जगात मला याहून भीतिदायक काही वाटत नाही. यावर हमखास औषध नाही. गार पाणी, पंखे, मीठ आणि विश्रांती. पुण्याचा मोसम जुलैत उघडतो, तोवर घोडा जपायचा. म्हणूनच मालकाचा रोष पत्करून ‘या रविवारी घोडा उतरवणार नाही’ असं सांगतो, तोच माझ्या लेखी मोठा ट्रेनर.