आधी ‘कसं?’ विचारा, व्याख्या मागून येईल

कुडव्यातल्या आईबापांनो, आजी-आजोबांनो आणि अंगणवाडीच्या ताईंनो, एक कळकळीची विनंती आहे. विशेषण म्हणजे काय, ही व्याख्या मूल पुढे शाळेत पाठ करेल तेव्हा करेल. त्याआधी, तीन ते सात वर्षांच्या वयात, त्याच्या तोंडी भरपूर विशेषणं येऊ द्या. ते काम घरातच होतं आणि त्याला पैसा लागत नाही.

आपण मुलांशी बोलताना फार कंजुषी करतो. भात चांगला, फ्रॉक छान, गाडी छान, चित्रही छान. मूल तेवढंच ऐकतं आणि तेवढंच बोलतं. तीच मोठी माणसं आपसात बोलताना किती नेमकी असतात! हलक्या धानाची कापणी दिवाळीच्या आगेमागे, भारी धान त्यानंतर. तांदूळ बारीक की जाड, जुना की नवा. जुन्याचा भात मोकळा होतो, नव्याचा चिकट. पऱ्हे कोवळे आहेत की रोवणीजोगे, बांधीतला चिखल मऊ झाला की अजून ढेकळं आहेत, हे आपण एका नजरेत सांगतो. हे शब्द लेकरापर्यंत पोचू द्या. सुपात तांदूळ असेल तर ते शेजारी बसलेलं असतंच. एक चिमूट त्याच्या हातावर ठेवा आणि शब्द मोठ्याने म्हणा.

एकच वस्तू दाखवून विशेषण शिकवू नका. बकरी कोंबडीजवळ मोठी दिसते, गायीजवळ लहान. एकटी बकरी दाखवून ‘मोठी’ म्हटलं, तर लहान मुलाला ते बकरीचंच नाव वाटू शकतं. म्हणून नेहमी दोन वस्तू शेजारी ठेवा. सागाचं पान खरखरीत, आंब्याचं गुळगुळीत. दोन्हींवरून त्याचं बोट फिरवा.

बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी यासाठी तीन पायऱ्यांची साधी पद्धत दिली. आधी आपण सांगायचं, ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत.’ मग मागायचं, ‘गुळगुळीत कोणतं? दे बरं.’ आणि सगळ्यात शेवटी विचारायचं, ‘हे कसं आहे?’ आपण नेमकं उलटं करतो. पाहुणे आले की पहिलाच सवाल, ‘सांग, हा रंग कोणता?’ मूल गप्प बसतं आणि आपण त्याला लाजाळू ठरवतो. शब्द पुरेसा ऐकलेला नसताना तो मागू नका. दुसऱ्या पायरीवर आठवडा गेला तरी जाऊ द्या.

महागड्या साहित्याचीही गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी माँटेसरींचा विचार मराठी मुलांपर्यंत आणला आणि 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. विकतच्या साधनांऐवजी त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले असं भोवतालचंच साहित्य वापरलं. आपल्याकडे चिंचोके आहेत, रेती आहे, कोंडा आहे, मोहफुलं आहेत. ओलं मोहफूल आणि सुकलेलं मोहफूल हातात दिलं, तर रंग, वास, चिकटपणा, वजन, सगळंच बोलता येतं.

रंगांसाठी एक युक्ती. इंग्रजी बोलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रंगाचा शब्द वस्तूच्या नावानंतर ऐकवला, तेव्हा मुलांना रंग अधिक चांगला कळला. कारण पटण्यासारखं आहे. वस्तूचं नाव आधी आलं की नजर तिच्यावर स्थिरावते, मग रंगाकडे लक्ष जातं. मराठीत हे सहज जमतं. ‘लाल मिरची’ म्हणाच, पण सुरुवातीला ‘ही मिरची लाल आहे’ असं जास्त वेळा म्हणा.

आता आपल्या भागातली खरी अडचण. गोंदियाला लागून असलेल्या आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, हिंदी, पोवारी ऐकू येते, कुणाच्या घरी झाडीबोली. हिंदीत दोनच लिंगं, मराठीत तीन. ‘बड़ा घर’ ऐकून वाढलेलं मूल मराठीत ‘मोठा घर’ म्हणतं, ‘चांगला दूध’ म्हणतं. त्याला हसू नका, सगळ्यांसमोर टोकू नका. ‘हो, मोठं घर आहे,’ एवढं म्हणून पुढे बोलत राहा. पुन्हा पुन्हा कानावर पडून ते सुधारतं. लाल, गोड, थंड, गरम हे शब्द कोणत्याही लिंगात बदलत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. मग हिरवा पोपट, हिरवी मिरची, हिरवं पान. आणि मुलाने त्याच्या घरच्या बोलीतला शब्द दिला, तर तो बरोबरच धरा. गुण त्याला ओळखता आला आहे. शाळेच्या मराठीतला शब्द आपण त्याच्या शेजारी ठेवायचा.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. मुलाला त्याच्याबद्दल ऐकू येणारी पहिली विशेषणं पुष्कळदा ढ, काळी, आळशी, वांड अशी असतात. तीही ते तितक्याच नीट शिकतं. ती घरातून काढून टाका, पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. मुलाचं कौतुक करायचं तर त्याने केलेल्या गोष्टीकडे बघून नेमकं बोला: ही रेघ सरळ आली, हे अक्षर टपोरं आहे, हा भोपळा तू एकदम गोल काढलास. आणि त्याला विचारा, तुला यातलं कोणतं अक्षर आवडलं, ते कसं आहे?