चिल्ड आहे, पण लोकल आहे का?

टूरवर गेलेल्या ऑफिसकरांचे दोन टाइप असतात. पहिला टाइप हॉटेलच्या रूमवर क्लब सँडविच मागवतो आणि लॅपटॉपसमोर बसून संपवतो. दुसरा टाइप नव्या शहरात बॅग टेकवायच्या आत विचारतो, ‘इथलं लोकल काय आहे?’ आपण दुसऱ्या टाइपचे, हे या पानाच्या नेहमीच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

पण गंमत बघा. पुण्या-मुंबईच्या आपल्या पिढीसाठी लंचच्या बाबतीत ‘लोकल’ या शब्दाचा अर्थ गेल्या काही वर्षांत जवळजवळ ठरूनच गेलाय. मायक्रोब्रूअरी! काचेमागे चकचकीत स्टीलच्या टाक्या, फळ्यावर खडूने लिहिलेली आजची नावं, ढगाळ रंगाची गव्हाची बिअर आणि सोबत लाकडी पाटीवर काहीतरी चीज घातलेलं. महाराष्ट्रात हे फॅड सुरू झालं ते २००९ साली पुण्यात, ‘डूलॅली’पासून. (हे नावही आपलंच बरं का. नाशिकजवळच्या देवळालीच्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची. त्या देवळालीवरून इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे सटकलेला. बिअरसाठी याहून सही नाव कुठून आणणार?) त्यानंतर मुंढवा, बाणेर, अंधेरी, खार... आता तर कुठल्याही शहरात गेलं की आपला अंगठा फोनवर आपसूक ‘ब्रूअरी निअर मी’ टाइप करतो.

मे २०२४ च्या शेवटी छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांचं काम निघालं, तेव्हा माझ्या अंगठ्याने तेच केलं. निवडणुकीचे ड्राय डे उरकले होते आणि बाहेर ऊन असं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. शिवाय हे शहर म्हणजे बिअरच्या बाबतीत काही लहानसहान प्रकरण नाही. मुंबईत किंवा पुण्यात तुम्ही जी बिअर पिता तिच्या लेबलावरची बारीक अक्षरं कधी वाचलीत? वाचा. ‘वाळूज’ हे नाव किती वेळा सापडतं ते बघा. ऑस्ट्रेलियाची फॉस्टर्स १९९८ मध्ये भारतात आली तेव्हा तिने कारखाना टाकला तो इथे. पुढे डेन्मार्कची कार्ल्सबर्ग आली. किंगफिशरवाले आहेतच. औरंगाबाद या नावाने ओळखलं जायचं तेव्हापासून हे शहर महाराष्ट्राचं बिअर बनवण्याचं मोठं केंद्र आहे. मग इथे एक झकास ब्रूपब सापडणार नाही, असं होईल का?

फोनवर नावं बरीच आली. नावात ‘ब्रू’ असलेली ठिकाणं सगळीकडेच असतात, त्यातली अर्धी कॉफीची निघतात. उरलेल्यांपैकी एका ठिकाणी मी फोन लावला. माझा एक सवयीचा प्रश्न आहे आणि तुम्हीही तो पाठ करून ठेवा. ‘बिअर कुठली आहे’ असं विचारायचंच नाही. विचारायचं, ‘टाक्या कुठे आहेत?’ कारण खऱ्या मायक्रोब्रूअरीत टाक्या लपवत नाहीत, मिरवतात.

पलीकडचा माणूस क्षणभर गप्प. मग अगदी आपुलकीने म्हणाला, ‘टाक्या? गच्चीवर आहेत ना, मॅडम. पाण्याचं काही टेन्शन घेऊ नका!’

मी फोन ठेवून पोट धरून हसले. माझ्यासोबत क्लाएंटकडचा एक इंजिनीअर होता, पक्का संभाजीनगरकर. तो हसला नाही. म्हणाला, ‘बरोबरच सांगितलं त्याने. इथे टाक्या म्हटलं की आधी पाण्याच्याच आठवतात.’

त्या वाक्याकडे नंतर वळू, आधी जेवणाचं. शेवटी आम्ही क्राफ्टचा नाद सोडला आणि जालना रोडला लागून असलेल्या एका साध्यासुध्या फॅमिली रेस्टॉरंट-बारमध्ये बसलो. वेटरने बिअरची बाटली आणली आणि सवयीने माझ्या शेजारच्या पुरुषासमोर ठेवली. गाडी तो चालवणार असल्याने त्याने लिंबू सोडा मागवला होता, तो आला माझ्यासमोर. (हे मात्र सगळ्या शहरांत लोकल आहे.) अदलाबदल करून मी बाटली फिरवली आणि तारीख बघितली. भरून अकरा दिवस झाले होते. फक्त अकरा!

इथे जरा थांबा, कारण हा फण्डा आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतो. ज्या लाइट लागर बिअरला आपण ‘कमर्शियल’ म्हणून नाकं मुरडतो, ती वाइनसारखी ठेवून मुरत नाही, उलट रोज थोडी थोडी उतरत जाते. ऊन, उष्णता आणि वेळ हे तिचे तीन शत्रू. गोदामात, ट्रकमध्ये आणि दुकानाच्या काचेमागे तीन-चार महिने काढलेली बाटली आपण पितो आणि म्हणतो, पुठ्ठ्यासारखी लागते. तीच बिअर दोन आठवड्यांच्या आतली प्यायली तर धान्याचा गोडवा जिभेला कळतो, शेवटचा कडवटपणा स्वच्छ लागतो. क्राफ्ट बिअरचं निम्मं कौतुक खरं तर या ताजेपणाचंच असतं. टाकीतून ग्लासात, मध्ये प्रवास नाही. तो ताजेपणा कारखान्यांच्या गावात तुम्हाला साध्या बारमध्येही मिळू शकतो. फक्त बाटली उघडण्याआधी तारीख वाचायची. वेटर विचित्र बघेल. बघू दे.

सोबत मटण रस्सा आणि ज्वारीची भाकरी मागवली होती. मराठवाड्याचा तिखटजाळ रस्सा आणि गारेगार ताजी लागर या जोडीला मी दहापैकी नऊ देईन. एक मार्क कापला तो ग्लास कोमट होता म्हणून.

भाकरी अर्धी झाली होती आणि इंजिनीअरसाहेबांचा फोन वाजला. घरून. त्यांनी ऐकलं, हात धुतले आणि खुर्चीवरून उठलेच. ‘सॉरी मॅडम, आमच्याकडे पाणी आलंय. आई एकटीच आहे, मोटर लावायला जायला हवं. आज सुटलं तर मग आठवड्याने.’

मला ‘पाणी आलं’ हे वाक्य आजोळचं म्हणून माहीत होतं. सकाळी सहाला यायचं, आजी हंडे लावायची. पण तिथेसुद्धा ते रोज यायचं! जायकवाडी धरण पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. शहराची तहान आणि आजूबाजूच्या औद्योगिक वसाहतींचं पाणी, दोन्हीचा भार त्या एका नाथसागरावर. त्या मे महिन्यात त्याचा उपयुक्त साठा एक आकडी टक्क्यांवर उतरला होता. शहराच्या १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. आमच्या त्या जेवणापर्यंत तरी ते पाणी काही त्याच्या नळाला पोचलं नव्हतं.

बाटलीत अजून निम्मी बिअर होती. आता ती कशी प्यायची?

आधी हिशेब करू. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, हे झालं बाटलीतलं. शिवाय धुणं, उकळणं, थंड करणं. चांगला चालवलेला मोठा कारखाना एक लिटर बिअरमागे साधारण तीन ते चार लिटर पाणी वापरतो. म्हणजे माझ्या ६५० मिलीच्या बाटलीमागे अडीच लिटर. अंघोळीची बादली पंधरा-वीस लिटरची असते. आदल्या रात्री हॉटेलात मी शॉवरखाली उभी राहून जेवढं वाहवलं, त्यात माझी वर्षभराची बिअर निघाली असती. (बार्ली पिकवायला लागणारं पाणी वेगळं, पण ते बहुतेक राजस्थान-हरियाणाच्या शेतातलं.)

आणि आता ऐका, आपल्या क्राफ्ट मंडळींना न आवडणारी गोष्ट. छोट्या ब्रूअरीत हे प्रमाण सहसा जास्त असतं. टाक्या लहान, प्रत्येक बॅचनंतर धुणं तेवढंच, पाणी परत वापरायची मोठी यंत्रणा परवडत नाही. एका लिटरमागे सहा-सात लिटर हे काही नवल नाही. वर फळ्यावर ‘लोकल’ लिहिलेलं. माल्ट परराज्यातलं किंवा थेट जर्मनीतलं, हॉप्स जर्मनी-अमेरिकेतले, यीस्ट पाकिटातलं. मग त्या ग्लासात लोकल काय उरलं? पाणी! आणि या शहरात नेमकी तीच एक गोष्ट आहे जी देताना दहादा विचार करावा लागतो.

ही काही माझी शोधलेली भानगड नाही. २०१६ चा उन्हाळा आठवतोय? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आयपीएलच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर गेल्या होत्या. त्याच एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं, इतर उद्योगांचं २५ टक्के. तेव्हा मी पुण्यात फेसबुकवर ‘बिअर की पाणी’ असल्या पोस्टना लाइक ठोकत होते. एकदम सोपं वाटायचं.

इंजिनीअर तासाभराने परत आला, शर्टाच्या बाह्या ओल्या. मी त्याला सरळच विचारलं, तुम्हाला राग नाही येत या कारखान्यांचा? तो खुर्चीत टेकला, माझ्या बाटलीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘माझे वडील अशाच एका कारखान्यात बॉटलिंगला होते. त्याच पगारावर माझं इंजिनीअरिंग झालं. राग कोणाचा करायचा सांगा. धरणात पाणी असतं तेव्हाही आमचा नळ चार-पाच दिवसांनीच येतो. मग ते बिअरने नेलं का?’

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ‘बिअर की पाणी’ असा सोपा सामना लावणाऱ्यांकडेही नसतं. दुष्काळात कारखान्याचं पाणी कापलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माणसं आधी. पण बाकीच्या वर्षांत नळ कोरडा ठेवते ती जुनी पाइपलाइन आणि रेंगाळलेली कामं, आणि त्यांच्याविरुद्ध पोस्टवर कोणी लाइक ठोकत नाही. त्याला जाम कंटाळा येतो ना!

तर मग टूरवर लंचसाठी काय निवडायचं? क्राफ्ट ब्रूअरी खरी सापडली तर जरूर जा, मी जातेच. पण टाक्यांचं विचारून झालं की आणखी एक विचारा, ‘वापरलेल्या पाण्याचं काय करता?’ बागेला घालतो म्हणाले, टॉयलेटला वापरतो म्हणाले, तर त्या ब्रूमास्टरशी माझ्या वतीने हात मिळवा. पुण्या-मुंबईत काहींनी ज्वारी-बाजरीच्या बिअरचे प्रयोग केलेत, तसं इथे जालन्याच्या ज्वारीतून, मोसंबीच्या सालीतून कोणी काही केलं तर मी खास रजा टाकून येईन. तोपर्यंत ताज्या तारखेची एक बाटली, तिघांत एक. आणि टेबलावर वेटरने न मागता भरून ठेवलेले पाण्याचे चार ग्लास प्यायचे नसतील तर आधीच नको म्हणा. ते ओतूनच टाकतात.

काम पाचला संपलं. ट्रेनला वेळ होता, म्हणून पाणचक्की बघायला गेले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने या गावात, तेव्हाच्या खडकीत, नहर खोदून पाणी आणलं. त्याच शतकाच्या शेवटाकडची ही पाणचक्की. काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून येणारं पाणी उंचावरून पडायचं, चाक फिरायचं आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळलं जायचं. पाणी आणि धान्य. बिअरचा मसाला तोच, म्हणा! कठड्यावर बसून दोन पोरं हौदातल्या माशांना पोळीचे तुकडे टाकत होती. कॉलेजमधल्या एका जोडप्याने माझ्याकडून फोटो काढून घेतला. मी एकटीच वळून वळून नळ कुठून येतो ते शोधत होते.

रात्रीचं जेवण जुन्या शहरात, नान-खलिया. तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, त्या लष्कराच्या भटारखान्यातून हा प्रकार आला असं इथे सांगतात. हळदीने पिवळाधमक झालेला जाड नान आणि वर लाल तर्री असलेला खलिया. या जेवणासोबत बिअर मिळत नाही, शोधूही नका. शेजारच्या टेबलावरच्या चाचांनी मला नान कसा बुडवायचा ते दाखवलं, ‘बेटा, ऐसे नहीं, पूरा डुबाव.’ बुडवला. कपड्यांवर डाग घेऊन ट्रेनमध्ये चढले.