मताची लायकी

‘मताधिकार शिकलेल्यांनाच असावा’ हे वाक्य दर निवडणुकीनंतर आम्हां साहित्याच्या शिक्षकांच्या बैठकीत हमखास ऐकू येते. म्हणणारे तासाभरापूर्वी वर्गात दलित आत्मकथनातील निरक्षर आईच्या शहाणपणावर भरभरून बोललेले असतात. पुस्तकातली आई वंदनीय आणि रांगेतली मात्र अडाणी!

हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १९३५ च्या कायद्याने मताधिकार विस्तारला. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी लोक मतदार झाले. पण सारा, कर, मालमत्ता वा शिक्षण यांपैकी काही असेल त्यालाच मत. पुष्कळ स्त्रियांना ते मिळाले, तेही पतीच्या पात्रतेमुळे. लायकीची चाळणी लावूनच १९३७ ची निवडणूक झाली.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये पुण्यात सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. मताधिकार हे शिक्षणाचे बक्षीस नसून राजकीय शिक्षणाचे साधन आहे, ही त्यांची भूमिका त्याआधीपासूनची. १९३७ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई प्रांतात निवडून आले आणि त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात दाखल झाले. ते मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. पण कोकणातल्या कुळाचे दुःख ठरावाच्या भाषेत सभागृहात पोचले, ते मतपेटीच्या वाटेने. ज्या कुळांपाशी सारा भरल्याची पावती नव्हती, त्यांतील कित्येकांना त्या निवडणुकीत मतच नव्हते. मग अडाणी कोण ठरले, कूळ की चाळणी?

कोणी म्हणेल, निरक्षर मत विकतो. पण मत विकत घेणारा निरक्षर असतो काय? त्याचा अधिकार काढून घ्या, असे बैठकीत कोणीच म्हणत नाही.

आमची वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, ग्रामपंचायत संपली. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आला, तो कित्येक वर्षे राहिला. त्या काळात इथल्या पदवीधरांनी सुबक मराठीत अर्ज लिहिले असतील. त्यांची बाजू सभागृहात मांडायला निवडून दिलेला माणूस मात्र नव्हता. मताविना विद्या किती मुकी असते, हे आपण अनुभवले आहे. तेच मुकेपण दुसऱ्यावर लादण्याची भाषा निदान साहित्याच्या शिक्षकाने तरी करू नये.