ओव्याचे फूल आणि देवळीतली कुपी

पाटोद्याच्या बालाघाट पठारावरील गावे ऊसतोडीच्या हंगामात अर्धी रिकामी होतात. कर्ती माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात; घर, गुरे आणि पुष्कळदा नातवंडेही आजी-आजोबांच्या स्वाधीन राहतात. अशा घरातील देवळीत अमृतधारेची कुपी असावी, यात नवल नाही.

कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही पदार्थ पांढरे, स्फटिकरूप. ते एकत्र करून हलवले, की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचा द्रव होतो. मिश्रणात त्यांचा वितळणबिंदू खाली उतरतो आणि नेहमीच्या हवेतच ते पातळ होतात, एवढेच यामागचे गूढ.

ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. ओव्याच्या दाण्यांतून वाफेबरोबर निघणाऱ्या तेलाचा हा प्रमुख घटक; तो फिनॉलच्या कुळातला, लवंगेतील युजेनॉलही त्याच कुळातले. जंतूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळतो, स्निग्धात मात्र सहज शिरतो. मग त्या आवरणाला गळती लागते, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि जंतू मरतो. गुळण्या करण्याच्या काही औषधांत थायमॉल असतो, तो याच गुणामुळे.

परंतु काचेच्या बशीतला जंतू मारणे निराळे आणि छातीतला न्यूमोनिया बरा करणे निराळे. ओव्याच्या पुरचुंडीचा शेक सुखावतो. तो प्रतिजैविकाची जागा घेत नाही. शिवाय जंतूचे आवरण भेदणारा पदार्थ आपल्या नाजूक त्वचेचीही गय करीत नाही. लवंगेचे निर्भेळ तेल दाढेत धरल्याने हिरडी भाजते, ती यामुळेच.

खरी भीती कापराची. तो पोटात गेल्यास लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी अगदी थोडे प्रमाणही पुरते. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाशी वा छातीवर कापूर चोळू नये. कुपी देवळीत नको, उंच फळीवर हवी. मुलाने ती तोंडाला लावलीच, तर उलटी करवू नये. कुपीसह थेट रुग्णालय गाठावे.

आजोबांसाठीही एक सूचना. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर गुडघ्यांना गंधपुऱ्याचे तेल चोळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ते त्वचेतून रक्तात उतरते आणि रक्तस्रावाचा धोका वाढवते.